रविवारचं राहिलेलं काम

किल्लीआत्याच्या कमरेला अकरा किल्ल्या असायच्या. त्यातल्या चारांची कुलपं केव्हाच मोडीत गेली होती. कोणी म्हणालं, "आत्या, फेका की त्या, उगाच ओझं," तर ती म्हणायची, "कुलूप गेलं, त्यात किल्लीचा काय गुन्हा?" झालं. पुढं बोलायची सोयच नाही.

वय सदुसष्ट. लग्न केलं नाही. गल्लीच्या टोकाला यहुद्यांचं जुनं प्रार्थनाघर, त्याच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत ती जन्मली आणि तिथंच राहिली. बाप मास्तर. शाळेत गणित शिकवायचा आणि सुट्टीला प्रार्थनाघराचं दफ्तर सांभाळायचा. बाप गेला तेव्हा किल्ल्या खुंटीवर होत्या. कोणी तिला दिल्या नाहीत. तिनं घेतल्या आणि कमरेला लावल्या.

एके काळी शनिवारी त्या प्रार्थनाघरात बसायला जागा मिळायची नाही. पोरं खिडक्यांत बसायची. मग परक्यांचं राज्य गेलं, झेंडा बदलला, आणि काय कोणाच्या डोक्यात शिरलं कोण जाणे, दहा-बारा वर्षांत घरंच्या घरं जहाजात बसून निघून गेली. कोणी या देशाला, कोणी त्या. उरली पाच माणसं. दोन म्हाताऱ्या विधवा जावा, समोरचा घड्याळजी, आत्या आणि आत्याची भाची. पाचात भाचीला धरायचं की नाही, हा वेगळा प्रश्न. तो पुढं येतोच.

थंडी सरली, हवा कोरडी झाली की आत्या कपाट उघडायची आणि वह्या वाऱ्याला ठेवायची. उन्हात नाही, ऊन कागदाला खातं. बाकांवर एकेक वही उघडून ठेवायची आणि दर अर्ध्या तासानं पान उलटायचं. वरच्या रंगीत काचांतून उजेड यायचा, निळा आणि मधासारखा, आणि तो पानांवरून इतक्या सावकाश सरकायचा की बघता बघता डोळे जड व्हावेत. पंखा नसतानाही पानं हलायची. आत्या म्हणायची, श्वास घेतायत, घेऊ द्या. वर्षभर कोंडलीत बिचारी.

त्यातली मोठी वही म्हणजे दुतोंडी. तिला दोन्हीकडून सुरुवात होती. उजव्या अंगानं उघडली की जन्म. पोराचं नाव ठेवलं की ते प्रार्थनेच्या लिपीत तिथं लिहायचं, आणि ती लिपी उजवीकडून डावीकडं चालते. डाव्या अंगानं उघडली की मरणं. ती सरकारी लिपीत, कारण परक्या सरकारला मेलेल्यांची यादी लागायची. जन्मलेल्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. अशी दोन्हीकडून दीडशे वर्षं वही भरत आली आणि मधे कोरी पानं उरली.

मास्तर गेल्यापासून मरणं आत्याच लिहायची. तिच्या बापाचं मरण तिच्याच अक्षरात आहे, तिसऱ्या ओळीत शाईचा डाग आहे तिथं. पण उजव्या बाजूला ती काही लिहू शकत नव्हती. ती लिपी पोरींना कोणी शिकवलीच नाही. आता ती लिपी लिहिणारा गल्लीत एकच जण, घड्याळजी. आणि घड्याळजीशी आत्या एकतीस वर्षं बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे अजिबात नाही. प्रार्थनाघराचं भिंतीवरचं मोठं घड्याळ बिघडलं तर समोर तीस पावलांवर दुकान. पण आत्यानं ते उतरवून हातगाडीवर घालून चार रस्ते पलीकडच्या एका नवशिक्याकडं नेलं. त्यानं असं काही दुरुस्त केलं की तेव्हापासून ते अकरा मिनिटं पुढं. किती मागं सारा, आठवड्यात परत अकरा मिनिटं पुढं आणि तिथंच थांबायचं, हट्टी माणसासारखं. दर तासाला टोले चुकीच्या वेळी पडायचे, आणि समोर दुकानात घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा. त्याचा खांदा दर टोल्याला उडायचा. आत्या दारातून बघायची. तिला बरं वाटायचं.

आता कारण ऐका.

आत्याच्या भावाचं लग्न घड्याळजीच्या बहिणीशी ठरलं होतं. पंधरा दिवस राहिले असताना भाऊ म्हणाला नको, आणि दुसरीशीच लग्न करून बसला. घड्याळजी तेव्हा रक्ताचा गरम. भर रस्त्यात म्हणाला, "ज्या छपराखाली हा उभा असेल त्या छपराखाली मी पाय ठेवणार नाही." दीड वर्षानं भावाला मुलगी झाली. दोन आठवड्यांचं बाळ. तिचं नाव ठेवायचा शनिवार आला.

मुलीचं नाव ठेवायचं म्हणजे ग्रंथ उघडायचा, बापाला पुढं बोलवायचं आणि सगळ्यांसमोर नाव पुकारायचं. ग्रंथ उघडायचा तर दहा पुरुष हजर हवेत. नऊ चालत नाहीत. आणि आमच्यातुमच्यासारखी डोकी मोजायची नाहीत. माणसांवर बोट ठेवून एक दोन तीन केलं की नजर लागते, असं ते मानतात. बरं, लिहून ठेवावं तर शनिवारी लिहायला बंदी. म्हणून जुन्या लोकांनी एक युक्ती काढलेली. दोऱ्यांची वही. जाड पुठ्ठ्याची पानं, पुठ्ठ्यावर नावं, प्रत्येक नावापुढं एक भोक आणि मेण लावलेला एक दोरा लोंबता. माणूस आला की त्याचा दोरा भोकातून ओढायचा. गाठ मारायची नाही, शनिवारी गाठही चालत नाही. रविवारी मास्तर दोरे बघून शाईनं दुतोंडीत उतरवायचे, कोण आलं, काय झालं, कोणाचं नाव ठेवलं, आणि मग दोरे सोडायचे.

एरवी दोरे ओढायचं काम आत्याचं. बायकांच्या बाजूच्या जाळीतून तिला दार सरळ दिसायचं, आणि मास्तरांची नजर अधू झाली होती. पण त्या दिवशी आत्याच्या हातात बाळ होतं. म्हणून वही मास्तरांनी घेतली. तोवर दहा होतात की नाही हे बघायची वेळच कधी आली नव्हती, चाळीस चाळीस माणसं असायची. आता मात्र घरं रिकामी होत होती.

मास्तरांनी दोऱ्यांवरून बोट फिरवलं. थांबले. परत फिरवलं. म्हणाले, "नऊ."

सगळ्यांची मान एकदम एकाच खुर्चीकडं वळली. खिडकीजवळची, घड्याळजीची. रिकामी. आत्यानंही जाळीतून तीच बघितली. वाट बघितली, तासभर. कोणीतरी समोर जाऊन दार वाजवलं. दार उघडलं नाही. मग ग्रंथ झाकला आणि माणसं घरी गेली. मास्तरांनी ती दोऱ्यांची वही तशीच कपाटात आदळली. रविवारी उतरवली नाही, दोरे सोडले नाहीत. पुढच्या शनिवारी सहा जण होते. त्यानंतर दहा कधी झालेच नाहीत.

भाऊ-भावजय दोन महिन्यांत जहाजात बसले. बाळाची छाती कमजोर, डॉक्टर म्हणाले सहा महिने प्रवास नको. "आत्या सांभाळेल, मग नेऊ," म्हणाले. सहा महिन्यांनी बोलवलं तर पोरगी तापली. दोन वर्षांनी बोलवलं तर पोरगी आत्याच्या मानेला असा विळखा घालून बसली की बंदरावरचा माणूससुद्धा म्हणाला, राहू द्या हो. राहिली. मास्तर त्याआधीच गेले होते.

तर भाचीला हाक मारायला नाव होतं, शाळेतही होतं. पण दुतोंडीत नव्हतं. उरल्यासुरल्या घरांतली पोरं भांडणात तिला म्हणायची, "तू वहीत नाहीस." पोरगी दगड घेऊन मागं लागायची. मोठी झाल्यावर बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करायला लागली, कोपरापर्यंत काळी. विषय निघाला की म्हणायची, "वहीत नाही तर नाही. पगाराच्या कागदावर आहे, पुरे आहे." आत्या तिच्यापुढं साबण सरकवायची. पण दरवर्षी वह्या वाऱ्याला ठेवताना दुतोंडीसमोर तिला डुलकी लागायची आणि तेच दिसायचं. वहीच्या उजव्या टोकाकडून लहान लहान माणसं चालत येतायत, डाव्या टोकाकडून म्हातारी, आणि मधे कोरं पांढरं मैदान. म्हातारी पुढं सरकतायत. लहानांची रांग एका जागी थांबलेली. रांगेच्या मागं, थोडं लांब, एक पोर एकटंच उभं. त्याला कोणी पुढं ये म्हणत नाही.

यंदा छप्पर तीन ठिकाणी गळलं. आत्यानंच राजधानीच्या सरकारी दफ्तरखान्याला पत्र लिहिलं, या आणि घेऊन जा. सोमवारी एक बाई आली. तिशीची, नाकाला फडकं, धुळीनं सारखी शिंकणारी. गल्लीनं लगेच नाव पाडलं, दफ्तरबाई. आत्यानं तिच्या कागदावर सही केली. गुरुवारी सकाळी गाडी येणार, सगळ्या वह्या जाणार. तोवर दफ्तरबाई एकेक पानाचा फोटो काढणार आणि मऊ पेन्सिलीनं कोपऱ्यात आकडा टाकणार.

दुतोंडीपाशी ती अडली.

"आत्या, यातलं पान एक कुठलं?"

"दोन्ही."

"बरं. मग शेवटचं?"

"ते अजून आलेलं नाही."

दफ्तरबाई शिंकली आणि म्हणाली, "हे मी फॉर्ममध्ये कसं लिहू?"

"तुमचा फॉर्म, तुम्ही बघा."

मंगळवारी कपाट पूर्ण रिकामं झालं. तीस वर्षांत पहिल्यांदा. दरवर्षी वाऱ्याला ठेवताना खालचा पुठ्ठ्याचा गठ्ठा आत्या आतच सोडायची. आत्या फडकं घेऊन खालचा कप्पा पुसायला वाकली आणि तशीच राहिली. आतल्या फळीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पेन्सिलीनं नाव लिहिलेलं होतं. भाचीचं. शाळेतलं कच्चं अक्षर, आठ-नऊ वर्षांच्या पोराचं, एक अक्षर खोडून परत लिहिलेलं. खाली वाढदिवसाची तारीख. वह्या जिथं ठेवायच्या, बरोबर त्याच्या पाठीमागं.

म्हणजे पोरगी कधीतरी कपाटात शिरली होती. किल्ली आत्याच्या कमरेची, आत्या झोपलेली असताना काढली असणार. आणि वहीत लिहायची हिंमत झाली नाही म्हणून फळीवर लिहिलं.

आत्या तिथंच फरशीवर बसली. "काय झालं? चक्कर आली का?" दफ्तरबाई धावत आली.

"काही नाही. गुरुवारच्या आत या वहीत एक ओळ लिहायची आहे."

"आता नाही लिहिता येणार आत्या. तुम्ही सही केलीत. ही वही आता दफ्तरखान्याची. तिच्याजवळ शाईची बाटलीसुद्धा आणायची नाही."

"दीडशे वर्षं शाईवरच जगली ती. आता काय शाईनं मरणार आहे?"

"नियम आहे."

आत्यानं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. तिच्या डोक्यात दोन गोष्टी घोळत होत्या. एक, नियम. दुसरी वाईट होती. नियम नसता तरी लिहिणार कोण? आणि लिहिणार काय? नाव पुकारलंच नव्हतं. खोटं लिहायचं? मास्तरांच्या वहीत?

दुपारी दफ्तरबाईनं कपाटातून निघालेला पुठ्ठ्याचा गठ्ठा उचलला. "हे काय आहे? भरतकाम?"

"दोऱ्यांची वही." आत्यानं सगळं सांगितलं, शनिवार, दोरे, रविवार, शाई. सांगताना आवाज कोरडा ठेवला. दफ्तरबाईच्या डोळ्यांत मात्र चमक आली. असलं तिनं कुठंच बघितलं नव्हतं. ती फॉर्म घेऊन बसली.

"म्हणजे हे शेवटच्या वेळचे दोरे. तसेच राहिलेत. हजर किती? एक, दोन..."

"बोट ठेवून मोजू नका हो."

"दोरे मोजतेय, माणसं नाही. नऊ. वही कोणी भरली?"

"माझ्या बाबांनी. त्या दिवशी त्यांनी."

दफ्तरबाई लिहिता लिहिता थांबली. पेन्सिलीचं टोक तिनं सगळ्यात वरच्या नावापाशी नेलं. "हे कोणाचं नाव?"

"बाबांचं. मास्तरांचं."

"याचं भोक रिकामं आहे. मग ते हजर नव्हते का?"

आत्या म्हणाली, "होते की. तेच तर वही घेऊन..."

आणि बंद पडली.

उजेड तेव्हा निळ्या काचेतून येत होता. पुठ्ठा निळा, दोरे निळे, आत्याचे हात निळे. पाण्याखाली बसल्यासारखं. तिला तो शनिवार दिसला, जाळीतून दिसला होता तसाच. मास्तरांची पांढरी दाढी, पुठ्ठ्यावर वाकलेलं डोकं, बोट फिरतंय, थांबतंय, परत फिरतंय. एरवी ती मास्तरांचा दोरा सगळ्यात आधी ओढायची, कारण मास्तर सगळ्यात आधी यायचे. त्या दिवशी मास्तरांनी दारातून येणाऱ्या प्रत्येकाचा दोरा ओढला. आणि स्वतः? स्वतः ते कुठल्या दारातून आलेच नव्हते. ते आतच होते.

जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना बेरजा शिकवल्या त्या माणसानं.

दहा होते. घड्याळजीवाचून दहा होते.

"आत्या, पाणी आणू?"

"नको," आत्या म्हणाली. मग पुठ्ठा जवळ ओढून म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी त्या खुर्चीकडं बघितलं. मीसुद्धा. वहीकडं कोणी बघितलंच नाही."

बुधवारी सकाळी आत्या समोरच्या दुकानात गेली. तीस पावलं. एकतीस वर्षं लागली. गल्लीतला न्हावी साबण लावलेलं गिऱ्हाईक सोडून दारात आला बघायला, आणि ते गिऱ्हाईकही फेसासकट आलं.

घड्याळजी भिंग लावून बसला होता. बहात्तरचा झाला होता, हात आता थरथरायचे. पण भिंग डोळ्याला लागलं की हात दगडासारखे स्थिर. त्यानं भिंगातूनच वर बघितलं. त्याला आत्या फार मोठी दिसली असणार.

"अकरा मिनिटं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझं घड्याळ. अकरा मिनिटं पुढं आहे."

"माहितीय मला."

"माहितीय म्हणे! एकतीस वर्षं माझ्या डोक्यात हातोडा मारतेस आणि माहितीय. बस तिथं. काय काम काढलंस, मास्तरांच्या लेकी?"

आत्या बसली. कशी सुरुवात करायची हे तिनं रात्रभर घोकलं होतं. ते सगळं विसरली आणि सरळ म्हणाली, "तुम्ही आला नाहीत म्हणून नाव राहिलं, असं मी समजत होते. ते खोटं होतं. बाबांनी स्वतःला धरलंच नव्हतं. दहा होते. चूक आमची."

दुकानात चाळीसेक घड्याळं टिकटिकत होती, एकाचाही टिक दुसऱ्याशी जुळत नव्हता. घड्याळजीनं भिंग काढलं. लगेच हात थरथरायला लागले. त्यानं ते मांडीखाली दाबले.

"दार वाजलं होतं," तो म्हणाला. "मी आतच होतो. दाराला पाठ लावून उभा होतो. उघडलं असतं. म्हणजे उघडणारच होतो. तेवढ्यात वाजायचं थांबलं." बाहेर न्हाव्यानं गिऱ्हाईकाला हळूच काहीतरी सांगितलं. "ती पोरगी रोज डेपोला जाताना इथं थांबते, तुला ठाऊक आहे का?"

"आंधळी नाही मी."

"मग बोलली नाहीस कधी ते?"

"बोलायचं तर तुमच्याशी बोलावं लागलं असतं."

घड्याळजीला हसू आलं, पण ते अर्ध्यातच अडकलं. "तिला बघितलं की वाटायचं, हिचं नाव मी खाल्लं. एकतीस वर्षं तेच. आणि आज तू येऊन सांगतेस की मी असलो काय, नसलो काय, फरकच नव्हता? अगं, मग मी एवढा मोठा गुन्हेगार समजत होतो स्वतःला, ते काय फुकटच?"

"आला असतात तर अकरा झाले असते," आत्या म्हणाली.

"हं. पुन्हा अकरा." तो उठला. "काय लिहायचंय?"

तबकडीवरचे आकडे रंगवायची त्याची एक बारीक कुंची होती, तीन केसांची. ती, काळ्या शाईची छोटी बाटली आणि भिंग घेऊन तो आत्याच्या मागोमाग निघाला. प्रार्थनाघराच्या उंबऱ्याशी थबकला. मग उजवा पाय आत टाकला, डावा टाकला. वर बघितलं. छपराला भोकं पडली होती. "पडेल हं हे," एवढंच म्हणाला.

दफ्तरबाई बाटली बघून दोन्ही हात पसरून वहीपुढं उभी राहिली. "नाही म्हणजे नाही!"

"बाई," घड्याळजी म्हणाला, "मी नवीन काही लिहीत नाही. शनिवारचे दोरे रविवारी शाईनं उतरवायचे असतात. तो रविवार राहिला. राहिलेलं काम करायला आलोय."

"पण एकतीस वर्षांनी..."

"उशीर झाला, मान्य."

"आणि काय उतरवणार? नाव पुकारलंच नव्हतं ना? मग पुकारलं असं लिहिणार?"

"नाही," आत्याच मधे बोलली. "जे झालं ते लिहा. खोटं एक अक्षर नको. बाबांची वही आहे."

दफ्तरबाई विचारात पडली. शिंक आली, तीही गिळली. ती नियमाची पक्की होती, पण माणूसच होती. शेवटी म्हणाली, "लिहा. पण खाली आजची तारीख घाला, आणि कोणी लिहिलं तेही. मग ते वहीत घुसवलेलं होत नाही. मग तेही दफ्तरच."

आत्यानं लगेच एक दोरा उचलला. "मग बाबांचंही भोक..."

"त्याला हात लावू नका!" दफ्तरबाई ओरडली. "ते रिकामं आहे म्हणून तर खरं आहे."

आत्यानं दोरा खाली ठेवला. वरून पहिलं भोक मास्तरांचं, खालून तिसरं घड्याळजीचं. दोन्ही रिकामी. एक होता म्हणून, एक नव्हता म्हणून. पुठ्ठ्यावर दोन्ही सारखीच दिसत होती.

घड्याळजीनं भिंग लावलं. दुतोंडी उजव्या अंगानं उघडली, शेवटच्या नावाखाली. कुंची शाईत बुडवली, आणि थरथरतं पान झालेला तो म्हातारा एकदम शांत झाला. उजवीकडून डावीकडं, मुंगी चालावी तशी अक्षरं निघाली. तो लिहीत होता आणि आत्यासाठी मोठ्यानं सांगत होता.

"त्या शनिवारी नऊ दोरे. दोरे ओढणारा दहावा, तो स्वतःला विसरला. लोकांनी रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मुलीचं नाव पुकारायचं राहिलं. ते नाव असं..."

तो थांबला. "बापाच्या नावासकट पूर्ण सांग. तू सांग. कोणीतरी पुकारायला पाहिजे ना?"

आत्या उभी राहिली. प्रार्थनाघरात बाईनं कधी नाव पुकारलं नव्हतं. तिनं आधी घसा खाकरला, मग पुकारलं. आवाज छपराच्या भोकातून बाहेर गेला. बाहेर न्हावी "काय म्हणाली? काय म्हणाली?" करत राहिला.

संध्याकाळी भाची डेपोतून तशीच आली, कोपरापर्यंत काळी. दफ्तरबाई किंचाळली, "लांबूनच!" भाचीनं हात पाठीमागं बांधले आणि वाकली. ती लिपी तिलाही येत नव्हती.

"यातली मी कुठली?"

घड्याळजीनं चिमट्याच्या टोकानं दाखवलं.

"एवढीच?"

"सगळे एवढेच असतात."

भाची आणखी खाली वाकली. मग सगळा किस्सा ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे आजोबांचं काखेत कळसा आणि गावाला वळसा झालं." आणि हसता हसता डोळे पुसायला गेली ते तोंडभर ग्रीस फासून घेतलं. आत्या म्हणाली, "वहीत आलीस, आता निदान तोंड तरी धू."

मग तिनं जाऊन शिडी आणली. भिंतीला लावली, घड्याळाखाली, आणि घड्याळजीकडं न बघता म्हणाली, "चढवतंय का तुम्हाला? की भाचीला चढवू आणि तुम्ही खालून सांगाल?"

"भाचीला चढव. मी सांगतो. तिला येतं," घड्याळजी म्हणाला. आणि ते आत्याला नवीनच होतं.

गुरुवारी गाडी आली, वह्या गेल्या. दुतोंडी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, दोऱ्यांची वही तिच्या शेजारी. दहा वाजता दहा टोले पडले, बरोबर दहालाच. सगळी गल्ली चुकली. न्हाव्यानं टोल्यांच्या भरवशावर दुकान उशिरा उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या.

दुपारी भाची आली तर आत्या कपाटाला कुलूप लावत होती.

"आत्या, रिकाम्या कपाटाला कशाला कुलूप?"

"रिकामं कुठंय," आत्या म्हणाली आणि किल्ली कमरेला लावली. भाचीनं तिच्याकडं बघितलं, मग कपाटाच्या खालच्या कप्प्याकडं, आणि कानापर्यंत लाल झाली.

आत्या बाकावर टेकली. काचांतून मधासारखा उजेड तिच्या मांडीवर येऊन बसला. डोळे मिटले. मैदान दिसलं, पांढरं, मोठं. रांगेच्या मागं उभं असलेलं ते पोर चालायला लागलं होतं. सगळ्यांना ओलांडून पुढं आलं, काळे हात पाठीमागं बांधून.